एकशे वीस रुपयांचा हिशोब

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू होते. हैदराबादेत लाड बाजाराच्या तोंडाशी, रात्री अकराच्या सुमाराला मी बांगड्या घेत होते. साठीच्या पुढची एक बाई जुन्या चादरीवर लाखेच्या बांगड्या मांडून रस्त्याच्या कडेला बसली होती. हिरव्या रंगाचा, बारीक काचखड्यांचा एक जोड लेकीसाठी माझ्या डोळ्यांत भरला.

'कित्ते के, खाला?'

'तीन सौ.'

मी दीडशेपासून सुरुवात केली. ती पावणेतीनशेवर आली, मग अडीचशेवर. मी उठून दोन पावलं चालूनही दाखवलं. अखेर एकशे ऐंशीला सौदा झाला. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे मी विजयी मुद्रेनं पाहिलं.

पैसे देताना माझं लक्ष तिच्याकडे गेलं. दुपट्ट्याला ठिगळ होतं. दोन पायांत दोन वेगळ्या चपला होत्या. पर्समध्ये जकातीचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेवलेले होते. त्यातली दोनशेची नोट काढून मी तिच्यापुढे धरली आणि हळूच म्हटलं, 'खाला, ये जकात के हैं. रख लो.'

तिनं नोटेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आवाज न चढवता म्हणाली, 'चुड्यां तीन सौ के थे आपा. एक सौ बीस आप काटे. अब दो सौ जकात के देरे. ये हिसाब मेरेकु समझ में नै आया.' नोट माझ्याच हातात राहिली. 'जकात उसको देव जो लेता. मैं तो बेचती.'

मी घाईघाईनं एकशे वीस रुपये मोजायला लागले. त्यालाही तिनं मान हलवली. 'सौदा हो गया सो हो गया.' आणि ती पुढच्या गिऱ्हाइकाच्या मनगटाचं माप डोळ्यांनी घेऊ लागली.

रमजानच्या या पानावर दरवर्षी रोजा, इफ्तार, शीरखुर्मा यांविषयी लिहिलं जातं. मीही लिहिलं आहे. आज मात्र त्या बाईच्या हिशोबाबद्दल आणि तिच्यासारख्या रस्त्यावर माल मांडून बसणाऱ्यांबद्दल लिहायचं आहे. कारण तो हिशोब दोन वर्षं झाली तरी माझ्या मनातून जात नाही.

मगरिबनंतरचं शहर

नांदेडकरांना हैदराबाद परकं नाही. १९४८ पर्यंत मराठवाडा हैदराबाद संस्थानातच होता. शिक्षणाला हैदराबाद, कोर्टकचेरीला हैदराबाद, लग्नाच्या बस्त्यालाही हैदराबाद अशी आमच्या आजोबांच्या पिढीची रीत होती. राजकीय नकाशा बदलला, पण खरेदीचा नकाशा फारसा बदलला नाही. आजही नांदेड, परभणी, लातूरकडची कितीतरी घरं, हिंदू आणि मुसलमान दोन्ही, लग्नाच्या बांगड्या आणि मोती आणायला तिकडेच जातात. आम्हाला तर माझ्या खालाजानचं, म्हणजे मावशीचं घर जुन्या शहरात असल्यानं ईदच्या आधीची एक चक्कर ठरलेलीच.

चारमिनार १५९१ मध्ये मुहंमद कुली कुतुबशाहानं बांधला. हिजरी सन हजारच्या सुमाराचा तो काळ. बाराही महिने इथे देशोदेशीचे पर्यटक असतात. मोबाइल उंच धरून मिनारांसह स्वतःचा फोटो घेणारी गर्दी दिवसभर हलत नाही. रमजानमध्ये मात्र हा परिसर दुपारी थोडा दमलेला दिसतो. ठेल्यांवर ताडपत्र्या ओढलेल्या असतात. पाण्याच्या बाटल्या विकणारा रोजेदार पोरगा स्वतः सावली शोधत असतो.

मगरिबची अजान झाली, खजूर तोंडात गेला की दृश्य पालटतं. मदिना चौकापासून पथरगट्टी, चार कमान, गुलजार हौज करत चारमिनारपर्यंत आणि पुढे मक्का मशिदीपर्यंत रस्ता माल आणि माणसांनी भरून जातो. हातगाडीला इकडे 'बंडी' म्हणतात. या बंड्यांवर आणि जमिनीवरच्या चादरींवर काय नसतं? टोप्या, तसबी, मिसवाक, सुरमा, कुर्ते, दुपट्टे, चपला, चिनीमातीच्या बश्या, पोरांचे फुगे, मुलींच्या केसांच्या क्लिपा. शेवयांचे ढीग, चारोळी, पिस्ते, खारका. कापलेली पपई आणि कलिंगड. हलीमच्या विटामातीच्या भट्ट्यांवर गहू आणि मटण लाकडी घोट्यांनी तासन्‌तास घोटलं जात असतं. या हलीमला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. रात्रभर दुकानं उघडी ठेवायला रमजानपुरती परवानगी असते, त्यामुळे बाजार सहेरीपर्यंत जागा असतो.

गर्दीत रोजेदार कोण आणि पर्यटक कोण हे सांगता येत नाही. दिल्ली, केरळकडून आलेली कुटुंबं असतात, हायटेक सिटीतली तरुण पोरं असतात, गळ्यात कॅमेरा अडकवलेले परदेशी पाहुणे असतात. सगळ्यांना काहीतरी स्वस्तात हवं असतं.

माल आणि त्याची पारख

रस्त्यावरचा माल म्हणजे फसवणूक, असा आपल्याकडे एक समज आहे. काही वेळा तो खराही ठरतो. पण याच रस्त्यावर मी मालाची जेवढी पारख शिकले, तेवढी चकचकीत दुकानात शिकले नाही. तिथे कोणी बोलतच नाही.

खजूरवाल्याचं घ्या. त्याच्या बंडीवर मदिनेची काळीभोर अजवा असते, लांबट मबरूम असते, इराणची मऊ किमिया डब्यांत असते आणि ज्यांना डझनभर माणसांची इफ्तार करायची आहे त्यांच्यासाठी स्वस्त, पिवळसर जाहिदी असते. अजवा सगळ्यांत महाग, म्हणून अजवाच्या नावावर दुसराच काळा खजूर खपवण्याचे प्रकारही होतात. एका खजूरवाल्यानं मला सांगितलं होतं, फार चमकणारा आणि बोटाला चिकटणारा खजूर दिसला की आधी एक मागून खा. चमक पाकाचीही असू शकते. स्वतःच्या बंडीवरचा एक ढीग दाखवून तो म्हणाला होता, 'ये भी थोड़ा चमकता, इसलिए सस्ता है.'

पथरगट्टीच्या बाजूला अत्तरवाले. छोट्या लाकडी पेटीत ओळीनं बाटल्या: गुलाब, खस, मजमुआ, शमामा, ऊद. आणि कन्नौजचं मातीचं अत्तर, ज्याला पहिल्या पावसाचा वास येतो. भाजलेली माती ऊर्धपातनाला घालून तो वास काढतात. अस्सल अत्तराचा आधार चंदनाचं तेल. ते महागल्यानं आता बरंचसं अत्तर दुसऱ्या, स्वस्त द्रवांत मिसळलेलं असतं. चांगला अत्तरवाला हाताच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढतो आणि म्हणतो, जा, बाजार फिरून या, मग ठरवा. जो लगेच बाटली भरायला घेतो त्याच्यापासून जरा सावध. कानात अत्तराचा फाया ठेवून तरावीहला जाणारी म्हातारी माणसं अजूनही इथे दिसतात.

मोत्यांचं तर विचारूच नका. समुद्रापासून इतक्या दूर असलेलं हे शहर मोत्यांचं शहर म्हणून ओळखलं जातं. पूर्वी मोती आखाताकडून, बसऱ्याच्या व्यापारानं यायचा. आज बहुतेक मोती गोड्या पाण्यात शेती करून पिकवलेला असतो आणि त्यातला मोठा वाटा चीनचा. रस्त्यावरचा विक्रेता पर्यटकांसमोर लायटर पेटवून मोत्यावर धरतो आणि सांगतो, बघा, जळला नाही. त्यानं फक्त एवढंच सिद्ध होतं की तो मोती प्लास्टिकचा नाही. काचही तशी जळत नाही. दोन मोती एकमेकांवर हळूच घासावेत. खऱ्यात किंचित खरखर लागते, खोटा सुळकन घसरतो. हे मला शिकवलं ते एका मोतीवाल्यानंच. त्याच्याकडे दोन्ही प्रकार होते आणि तो दोन्हींचे भाव वेगळे सांगत होता.

लाखेची बांगडी

त्या रात्री मावशीच्या घरी मला झोप लागली नाही. सहेरीच्या वेळी मी तिला घडलेलं सांगितलं. ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी जोहरनंतर मला म्हणाली, 'चल माझ्याबरोबर.' दोन गल्ल्या ओलांडून ती मला एका घरी घेऊन गेली. दीड खोलीचं घर. तिथे लाखेच्या बांगड्या बनत होत्या.

लाख म्हणजे काही झाडांच्या फांद्यांवर राहणाऱ्या बारीक किड्यांनी सोडलेला डिंकासारखा पदार्थ. तो निखाऱ्यांवर वितळवायचा, त्यात भुकटी आणि रंग मिसळून मळायचा, गरम असतानाच त्याची वात वळायची आणि ती गोल करून बांगडीचा आकार द्यायचा. थंड झाली की लाख ठिसूळ होते, म्हणून सगळं काम विस्तवाजवळ. मग खडे. प्रत्येक खडा चिमट्यानं उचलून, बांगडी पुन्हा गरम करून, जागच्या जागी बसवायचा. एका बांगडीवर किती खडे असतात ते मी मोजायला घेतलं आणि मधेच सोडून दिलं.

त्या घरातल्या दोघी जावा आणि एक मुलगा रोजे ठेवून शेगडीसमोर बसले होते. बाहेर मार्चचं ऊन होतं. घोटभर पाणी नाही, आणि समोर निखारे. मुलाच्या बोटांच्या टोकांवर जुने चटके होते. मी मजुरी विचारली. एका जोडामागे कारागिराच्या हाती पडणारी रक्कम ऐकली, ती मी आदल्या रात्री कापलेल्या एकशे वीस रुपयांहून कितीतरी कमी होती. म्हणजे मी घासाघीस करून जे वाचवलं, त्यात एका माणसाची पूर्ण मजुरी बुडून वर काही उरत होतं.

या बांगड्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हैदराबादची लाखेची बांगडी म्हणून. आनंदाची गोष्ट आहे. मानांकनामुळे नकली मालाला आळा बसण्याची आशा असते. पण लाड बाजाराच्या तोंडाशी चादर टाकून बसलेल्या बाईकडे प्रमाणपत्र चिकटवायला भिंत नसते. तिच्याकडे असतो फक्त तिचा शब्द, की ही लाख आहे, प्लास्टिक नाही.

घासाघिशीची भाषा

तरीही एक गोष्ट कबूल केली पाहिजे. घासाघीस हा गुन्हा नाही. ती या बाजाराची बोलीच आहे. आणि ही बोली आम्हा मराठवाड्याच्या माणसांना ओळखीची वाटते, याला कारण आहे.

मी उर्दू आणि मराठी दोन्ही भाषांत वाढले. घरात दखनी, शाळेत मराठी, मदरशात आणि पुढे कॉलेजात उर्दू. उत्तरेकडची उर्दू बोलणारे पाहुणे चारमिनारला आले की विक्रेत्याचं 'नक्को' ऐकून हसतात. आम्ही नाही हसत. ते आपलं 'नको' आहे. 'मैं बोला सोइच भाव' यातला जोर देणारा 'इच' म्हणजे आपला 'च'. मी म्हणालो तोच भाव. कित्येक शतकं दख्खनमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्यांच्या शेजारी राहून ही भाषा घडली. बाजारात तर ती आणखी मऊ होते. दिवसाची पहिली विक्री म्हणजे तिथली 'बोहनी'. नांदेडच्या इतवाऱ्यात तीच 'भवानी' होते, आणि आमच्याकडचा मुसलमान भाजीवालाही 'सकाळपासून भवानी झाली नाही हो ताई' असंच म्हणतो.

बोहनीच्या वेळी गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून विक्रेता भाव उतरवतो. हे सगळ्यांना माहीत असतं, आणि काही लोक त्या वेळेचाच फायदा घेतात. मीही घेतला आहे.

एका टोपीवाल्याला मी विचारलं होतं, तुम्ही आधीच वाढवून भाव सांगता, मग आम्ही घासाघीस केली तर काय चुकलं? तो हसला. 'आपा, भाव करो ना. नै करे तो मजा कायका? पन सामान देख के करो. आदमी की मजबूरी देख के नक्को करो.' मालाकडे पाहून भाव करावा, माणसाची अडचण पाहून करू नये. एवढं सोपं सूत्र मला कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडलं नव्हतं.

बंडीचं पंचांग

रस्त्यावरच्या विक्रेत्याला दोन-तीन पंचांगं पाठ असावी लागतात. हिजरी महिने चंद्रावर चालतात, त्यामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो. साधारण तेहेतीस वर्षांत तो सगळे ऋतू फिरून येतो. २०१५ च्या आसपास रमजान जून-जुलैत होता. तेव्हा ऐन धंद्याच्या वेळी पाऊस यायचा आणि कपड्यांच्या बंड्यांवर प्लास्टिक ओढून विक्रेते कमानींखाली उभे राहायचे. आता तो मार्च ओलांडून थंडीकडे निघाला आहे. २०३० साली तर एकाच इंग्रजी वर्षात तो दोनदा सुरू होईल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. कलिंगड विकणाऱ्याला हे आतापासून माहीत आहे.

बंडी तीच राहते, माल बदलतो. रमजानमध्ये टोप्या आणि खजूर, आषाढात बोनालूच्या वेळी पूजेचा आणि सजावटीचा माल, गणपतीत मखराचा कागद, दिवाळीत पणत्या, संक्रांतीला पतंग. बंडीवाल्याचं नाव कोणतंही असो. मगरिबच्या वेळी एका अत्तरवाल्याची पेटी शेजारची तेलुगू गजरेवाली सांभाळताना मी पाहिली. तो नमाज पढून आला तोवर तिनं दोन बाटल्या विकून ठेवल्या होत्या आणि पैसे पेटीच्या झाकणाखाली सरकवले होते. दोघांनाही यात विशेष काही वाटलं नाही. तिला फुलांवर पाणी मारायची घाई होती.

पण या महिनाभराच्या धंद्यासाठी लागणारं भांडवल येतं कुठून? बहुतेकांचं उत्तर एकच, 'फायनान्स'. महिनाअखेरीला नव्हे, रोज संध्याकाळी वसुलीचा माणूस येतो. व्याज हातात पैसे देतानाच कापून घेतलेलं असतं. रमजानमध्ये माल उरला तर ईदनंतर त्याला गिऱ्हाईक नसतं, आणि वसुली थांबत नाही. सरकारनं जून २०२० मध्ये पथविक्रेत्यांसाठी पीएम स्वनिधी योजना आणली, तिच्यात सुरुवातीला दहा हजारांचं बिनतारण कर्ज होतं. ते मिळवण्यासाठी विक्रेत्याचं नाव आधी कोणत्या तरी यादीत लागतं. चादर टाकून बसणाऱ्या म्हाताऱ्या बाईचं नाव यादीत यायला तिची एक जागा ठरलेली असावी लागते, आणि जागा हाच तर सगळ्यांत मोठा प्रश्न असतो.

याविषयी कायदा आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक नसतं. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचं संरक्षण करणारा अधिनियम २०१४ मध्ये झाला. त्यापूर्वी १९८९ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं रस्त्यावर विक्री करणं हा, योग्य निर्बंधांसह, व्यवसायाच्या मूलभूत अधिकाराचा भाग मानला होता. कायदा सांगतो की पाच वर्षांतून एकदा तरी विक्रेत्यांचं सर्वेक्षण व्हावं आणि ते होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवू नये. हलवायचंच असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी. शहराच्या समितीत किमान चाळीस टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असावेत आणि त्यांत एक तृतीयांश महिला. हे हैदराबादला लागू आहे, तसंच नांदेडलाही. तुमच्या गल्लीतल्या भाजीवालीला विचारून बघा, तिला यातलं काय माहीत आहे.

त्या कायद्यात एक आकडा आहे. शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं. अडीच टक्के. हा आकडा वाचताना मी थांबले. जकातीचा दरही अडीच टक्केच आहे. योगायोग आहे, दुसरं काही नाही. पण मला त्यावरून पुन्हा ती बाई आठवली.

जकात कुठे सुरू होते

मुस्लिमेतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. वर्षभर शिल्लक राहिलेल्या, ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त असलेल्या संपत्तीचा अडीच टक्के भाग गरजूंना देणं हे इस्लाममधलं कर्तव्य आहे. बरेच लोक ही जकात रमजानमध्ये काढतात. शिवाय ईदच्या नमाजाआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे फितरा द्यायचा असतो, म्हणजे गरिबाच्या घरीही ईद व्हावी. आम्ही हा हिशोब फार काळजीनं करतो. सोन्याचा भाव बघतो, कागदावर आकडे मांडतो. मीही मांडते.

पण देणं जितक्या काळजीनं शिकवलं गेलं, तितक्याच काळजीनं देवघेवही शिकवली आहे, याचा आपल्याला विसर पडतो. प्रेषित हजरत मुहंमद पैगंबर (स.) हे स्वतः व्यापारी होते, हजरत खदिजा यांचा माल घेऊन त्यांनी दूरचे प्रवास केले होते. कुरआनमध्ये माप मारणाऱ्यांविषयी एक स्वतंत्र अध्याय आहे, सूरह अल्-मुतफ्फिफीन. त्यात घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी मोजणारे, यांना इशारा आहे. हदीसमध्ये मदिनेच्या बाजारातला प्रसंग येतो. प्रेषितांनी धान्याच्या ढिगात हात घातला तर आतलं धान्य ओलं लागलं. पाऊस लागला, असं विक्रेता म्हणाला. मग ओलं धान्य वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी विचारलं आणि फसवणाऱ्याशी आपलं नातं नाही असं स्पष्ट सांगितलं. आणि हे फक्त विकणाऱ्यापुरतं नाही. विकताना, विकत घेताना आणि येणं मागताना जो सौम्यपणे वागतो, त्याच्यासाठी त्यांनी अल्लाहकडे कृपा मागितली. विकत घेताना, हा शब्द त्यात आहे.

मला सर्वांत जवळचा वाटतो तो आणखी एक प्रसंग. मदिनेतला एक गरजू माणूस मदत मागायला आला. घरात काय आहे, असं प्रेषितांनी विचारलं. एक जाडंभरडं कापड, अर्धं अंथरायचं, अर्धं पांघरायचं, आणि पाणी प्यायचा एक कटोरा. त्या दोन वस्तू त्यांनी मागवल्या आणि लोकांसमोर विकायला काढल्या. एकानं एक दिरहम सांगितला. यापेक्षा जास्त कोण देतो, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारलं. दोन दिरहम आले. एकाचं घरच्यांसाठी अन्न आणायला सांगितलं, दुसऱ्याची कुऱ्हाड. कुऱ्हाडीला दांडा स्वतःच्या हातानं बसवून दिला आणि म्हणाले, लाकडं तोड, वीक, आणि पंधरा दिवस मला दिसू नकोस. तो परतला तेव्हा त्याच्याकडे दहा दिरहम होते.

हा प्रसंग मी लहानपणापासून ऐकत आले. मागणं टाळावं, कष्ट करावेत, एवढाच अर्थ मी घेत होते. त्या बाईनं माझी नोट परत केल्यावर दुसरी बाजू लक्षात आली. गरिबाचा माल बाजारात आला तेव्हा प्रेषित भाव वाढवायला सांगत होते. मी उठून दोन पावलं चालून भाव पाडत होते आणि मग दान करायला परत फिरत होते.

मी मुफ्ती नाही, धर्माचा निर्णय सांगण्याचा मला अधिकार नाही. पण एवढं कळतं की ज्याला आपण मोबदल्यात कमी दिलं, त्याची भरपाई दानानं होत नाही. दान घेताना माणसाला मान खाली घालावी लागते. किंमत घेताना घालावी लागत नाही. त्या बाईला तेवढंच हवं होतं.

यंदाची चक्कर

यंदाही आम्ही गेलो. लाड बाजाराच्या तोंडाशी, त्याच जागी ती बसली होती. चादर वेगळी होती. तिनं मला ओळखलं नाही. हजारो मनगटं तिच्यासमोर येतात, तिनं का ओळखावं?

मी निळा जोड उचलला. उजेडात धरून बघितला, दोन खडे हलत होते ते दाखवले. तिनं तो बाजूला ठेवून दुसरा काढला. 'तीन सौ पचास.' मी म्हटलं, 'सही भाव बोलो खाला.' ती म्हणाली, 'तीन सौ बीस.' मी तेवढे दिले. तिनं नोटा कपाळाला लावल्या आणि म्हणाली, 'आज देर से बोहनी हुई.' रात्रीचे साडेदहा वाजले होते.

दोन वर्षांपूर्वीचे एकशे वीस रुपये मात्र अजून माझ्याकडेच आहेत. ते ती घेणार नाही, आणि तिला आठवणही नाही. वाटेत मी नवऱ्याला म्हटलं, ते कुठे जमा करायचे? तो म्हणाला, रोज थोडे थोडे करत जा.

मी तेच करायचं ठरवलं आहे. नांदेडला आल्यावर इतवाऱ्यात, देगलूर नाक्यावर ईदचा बाजार भरलेला आहे. शेवया, चपला, मेंदीचे कोन. तुम्ही कुठल्याही धर्माचे असा, या दिवसांत त्या बाजारातून तुमचं येणं-जाणं होईलच. भाव जरूर करा. मालाकडे बघून करा. आणि मॉलमध्ये छापील किमतीला आपण कधी तोंड उघडलं होतं का, हे एकदा आठवून मग समोरच्या चादरीवरच्या माणसाशी बोला.